बसून काम करणाऱ्यांसाठी: टेबल, खुर्ची आणि स्क्रीनची उंची कशी ठरवायची?

मधुरा_नौपाडा

नमस्कार मंडळी,

माझ्या ओळखीत बैठं काम करणाऱ्या जेवढ्या बायका आहेत, त्यांतल्या बहुतेकींची मान आणि खांदे संध्याकाळपर्यंत भरून येतात. प्रत्येकीला सल्ला एकच मिळतो, चांगली खुर्ची घे. खुर्ची चांगली हवीच. पण मला मनापासून वाटतं की निम्मं दुखणं टेबलाच्या उंचीत आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

आपल्याकडे ऑफिसचं टेबल असो, जेवणाचं असो, नाहीतर सुताराकडून करून घेतलेलं अभ्यासाचं असो, उंची साधारण ठरलेली असते: अडीच फूट, म्हणजे ७५ सेंटिमीटर. आता माझी मापं बघा. उंची १५५ सेंमी. खुर्चीत बसून तळवे जमिनीला सपाट टेकवले की गुडघ्यामागची लवण जमिनीपासून ३९ सेंमीवर येते. दंड सैल सोडून कोपर काटकोनात वाकवलं की कोपराची खालची बाजू बैठकीपासून २२ सेंमी वर असते. बेरीज ६१. माझा कीबोर्ड या उंचीच्या आसपास हवा. तो असतो ७५ वर, आणि त्याची स्वतःची जाडी वेगळीच. म्हणजे खांदे उचलून किंवा कोपरं बाजूला फाकवून दिवसभर टाइप करायचं. मी हिशेबाचं काम करते. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटीची विवरणपत्रं भरताना जेवायलाही उठणं होत नाही. त्या दिवसांत हे पंधरा सेंटिमीटर फार जाणवतात.

मापं स्वतःची स्वतः घेऊ नका. खाली वाकलं की आकडे बदलतात. घरातल्या कुणाला तरी शिवणाची टेप देऊन घ्यायला सांगा. घरी ज्या चपला घालून काम करता त्याच पायात असू द्या.

आकडा मिळाला की दोनच मार्ग उरतात. टेबल खाली आणायचं, नाहीतर आपण वर जायचं. ऑफिसचं टेबल आपल्या हातात नसतं, म्हणून खुर्ची वर घ्यावी लागते. पण खुर्ची वर गेली की पाय लोंबकळतात, बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतते, पायाला मुंग्या येतात, मग आपण पुढे सरकून बसतो आणि पाठीचा टेका सुटतो. तेव्हा खुर्ची जेवढी वर जाईल, साधारण तेवढाच पायाखाली आधारही वर यायला हवा. माझ्या घरी पूजेचा जुना बैठा चौरंग आहे, दोन्ही पाय ऐसपैस मावतात. नुसता पाट पुरत नाही, त्याची उंची फार कमी असते.

आणखी एक अडचण. बाजारातल्या बऱ्याच खुर्च्या अगदी खाली नेल्या तरी ४२–४५ सेंमीच्या खाली जात नाहीत. म्हणजे बुटक्या माणसाला कमी उंचीच्या टेबलापाशीही पायाखाली काहीतरी लागतंच. खुर्ची घेताना 'किती वर जाते' याइतकंच 'किती खाली येते' हेही विचारा.

तुमची मापं काय आहेत आणि तुम्ही काय मांडणी केली आहे, ते लिहा.


रंधा

धागा चांगला काढलात ताई. मी इंटिरियरची कामं करतो. गिऱ्हाईक टेबलाचा रंग, सनमायका, हँडल यांवर तासभर बोलतं आणि उंची मात्र सुतारावर सोडून देतं. सुतार हाताला बसलेल्या सवयीने अडीच फूट करतो.

ही उंची कागदावर लिहिण्याच्या काळातली. लिहिताना माणूस थोडा पुढे वाकतो आणि हात टेबलावर टेकवतो, तेव्हा पृष्ठभाग कोपरापेक्षा थोडा वर चालतो. टायपिंगला तो कोपराला समतल किंवा किंचित खालीच हवा. आपल्या लोकांची शरीरमापं युरोप-अमेरिकेपेक्षा वेगळी आहेत हे काही नवीन नाही. देबकुमार चक्रबर्ती यांनी भारतीय मापं गोळा करून मांडली आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ती १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. इतकी वर्षं हा आधार हाताशी असून दुकानातलं टेबल तसंच आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

टेबल नवीन करणार असाल तर माझा अनुभव सांगतो. उंची कमी केली की मांडीला जागा कमी पडते. १५५ सेंमीच्या बाईची बैठक ३९–४० वर, त्यावर मांडीची जाडी चौदा-पंधरा, म्हणजे टेबलाची खालची बाजू ५७ च्या खाली येता कामा नये. १९ मिमीच्या प्लायचं टेबल ६३ वर ठेवलं तर खाली ६१ उरतात, मजेत बसता येतं. पण मधोमध ड्रॉवर टाकलात की सगळं फसलं. ड्रॉवर बाजूला घ्या, मध्ये नको. पुढची फळीही नको.

खोली किमान ६० सेंमी, जागा असेल तर ७५. स्क्रीन हातभर लांब ठेवायचा तर तेवढी लागते. आणि पुढच्या कडेला गोलाई मारून लाकडी पट्टी लावायला सांगा. सनमायकाची काटकोनी धार मनगटाच्या वरच्या भागात सतत टोचत असते.

तयार टेबलाचे पाय लाकडी असतील तर चारही सारखे कापून खाली रबरी बुटणं ठोकता येतात, अर्ध्या तासाचं काम. लोखंडी सांगाड्याला कापणं-वेल्डिंग आलं. तिसरा मार्ग म्हणजे टेबलाखाली चॅनलवर सरकणारा कीबोर्डचा कप्पा. हात आठ-दहा सेंमी खाली येतात. मात्र तो माउससकट मावेल एवढा रुंद हवा. कीबोर्ड खाली आणि माउस वर टेबलावर राहिला तर उजवा खांदा आधीपेक्षा जास्त दुखेल.


सांजवात

वाचते आहे. मी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहते, खोलीत आम्ही तिघी. टेबलच नाही. ऑफिसचा लॅपटॉप पलंगावर मांडीवर घेऊन काम चालतं, आठवड्यातून तीन दिवस. कमीत कमी काय केलं तर फरक पडेल?


मधुरा_नौपाडा

सांजवात, लॅपटॉपची अडचण अशी की पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या. कळा हाताच्या उंचीला आणल्या की मान खाली, पडदा डोळ्यांपुढे आणला की हात वर. एकाच वेळी दोन्ही साधत नाही. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस ही पहिली खरेदी, खुर्चीच्याही आधी. स्टँड नंतर घ्या. तोवर पुस्तकांची चळत किंवा स्टीलचा चौकोनी डबा उपडा घालून लॅपटॉप पंधरा-वीस सेंमी वर उचला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली यायला हवी.

टेबलासाठी घडीचं टेबल बघा, घेताना टेप बरोबर न्या. पलंगावर बसायची वेळ आलीच तर पाठ भिंतीला, कमरेमागे घट्ट उशी, आणि लॅपटॉप मांडीवर न ठेवता पलंगावर ठेवायच्या छोट्या टेबलावर.

आणि एक फुकटातला उपाय. अक्षरं मोठी करा. चौदा इंची लॅपटॉपवर सगळं बारीक दिसतं, म्हणून आपण नकळत पुढे झुकतो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये स्केल १२५ किंवा १५० टक्के केलं की पाठ आपोआप मागे टेकते. खुर्ची कितीही महागाची असो, वाचायला पुढे झुकावं लागत असेल तर तिच्या टेक्याचा उपयोग शून्य.


टंकवीर

अक्षरं मोठी करण्याच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. मी कोल्हापुरात मराठी पुस्तकांची जुळणी आणि मुद्रितशोधन करतो. देवनागरीला इंग्रजीपेक्षा मोठा आकार लागतोच. ओळीच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार, मध्ये जोडाक्षरं. त्याच पॉइंटात अक्षराचा मुख्य भाग लहान होतो. 'र्थ' आणि 'र्थं' यांतला फरक बारा पॉइंटात शोधायचा म्हणजे नाक पडद्याला लावणं आलं. मी काम करताना दृश्य १६०–१८० टक्क्यांवर ठेवतो आणि छपाईचा आकार वेगळा तपासतो.

टायपिंगबद्दलही लिहितो, कारण कीबोर्डवरची चर्चा सहसा इंग्रजी टायपिंग धरूनच होते. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळांच्या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांशी उजव्या. हात आलटून-पालटून चालतात, ही तिची मोठी सोय. पण ख, घ, थ, ध, भ यांसारख्या सगळ्या महाप्राण अक्षरांना शिफ्ट लागते. च, ट, ड, ज यांचा भार उजव्या करंगळीवर पडतो. शिफ्ट नेहमी विरुद्ध हाताने दाबा. 'ख' उजव्या हाताने उमटवायचा असेल तर शिफ्ट डाव्या करंगळीने. एकाच हाताने दोन्ही कळा ताणून दाबायची सवय असेल तर मनगट बाहेरच्या बाजूला वळतं आणि करंगळीकडची बाजू दुखायला लागते.

कीबोर्डखालचे मागचे पाय दुमडून ठेवा. ते उघडले की मनगट मागे मोडतं. आकड्यांचं काम नसेल तर उजवीकडच्या आकड्यांच्या कळा नसलेला कीबोर्ड घ्या. माउस तेवढा जवळ येतो आणि दंड अंगालगत राहतो.


मधुरा_नौपाडा

टंकवीर, आमच्या कामात आकड्यांच्या कळांशिवाय चालणारच नाही. पण त्या वेगळ्या छोट्या पट्टीत मिळतात, ती मी डावीकडे ठेवते. डाव्या हाताला आकडे बसायला काही दिवस लागले. आता उजवा हात फक्त माउसला.


जुनाकारकून

मी सरकारी कार्यालयात आहे, तालुक्याचं ठिकाण. आमच्याकडे मापं घेऊन काय करणार असा प्रश्न पडतो. लोखंडी टेबल, त्यावर काच, खुर्ची चार पायांची, खालीवर होत नाही. टेबलाचा मधला भाग फायलींना लागतो म्हणून मॉनिटर कोपऱ्यात, कीबोर्ड तिरका. नोंदी कागदावरून संगणकात घ्यायच्या असतात. मान दिवसभर उजवीकडे वळलेली. उजवी बाजू कानापासून खांद्यापर्यंत ताठ झाली आहे.


रंधा

काका, खुर्ची बदलता येत नसेल तरी तुमच्या मांडणीत करण्यासारखं बरंच आहे. नोंदी घेताना तुमची नजर सगळ्यात जास्त कुठे असते? कागदावर. मग कागद समोर आला पाहिजे. कीबोर्ड आणि मॉनिटर यांच्या मध्ये एक उतरती फळी ठेवा, तीवर फाइल. मॉनिटर तिच्या मागे, नाकासमोर. मग नजर नुसती वर-खाली जाते, मान वळत नाही. जुन्या पेढ्यांवर गादीवर बसून लिहिणाऱ्यांपुढे उतरत्या झाकणाची पेटी असायची, तीच कल्पना. कुठलाही सुतार उरलेल्या प्लायमधून तासाभरात करून देईल. खालच्या कडेला एक पट्टी ठोकायला सांगा, कागद घसरणार नाहीत.

फायलींचे गठ्ठे बाजूला, रॅकवर किंवा स्टुलावर. रोज लागणारी फाइल हाताच्या टप्प्यात, बाकीच्या उठून घ्याव्या लागल्या तर बरंच, तेवढंच उठणं होतं.

काचेवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत असेल तर कीबोर्डच्या आसपास जाड कागद किंवा रेक्झिन अंथरा. डोळ्यांना लगेच फरक जाणवेल.


खडूफळा

माझं वय एकसष्ट. निवृत्तीनंतर एका संस्थेच्या शैक्षणिक साहित्याचं संपादन करते. वर लिहिलेला 'पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत' हा नियम प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांना लागू होत नाही, हे आवर्जून सांगायचं आहे.

या चष्म्यात जवळचं वाचायचा भाग खाली असतो. पडदा डोळ्यांसमोर असला की अक्षरं नीट दिसायला हनुवटी वर करावी लागते. तसं तासन्‌तास बसलं की मानेचा मागचा भाग चेपला जातो. आम्हा मंडळींनी मॉनिटर शक्य तितका खाली घ्यावा, त्याचा स्टँड काढून टेबलाला जवळजवळ टेकवावा आणि पडदा थोडा मागे झुकवावा. नजर खाली, हनुवटी स्थिर.

याहून चांगला उपाय म्हणजे संगणकासाठी वेगळा चष्मा. नेत्रतज्ज्ञांकडे जाताना पडदा आपल्यापासून किती अंतरावर असतो ते मोजून जा. 'वाचायचा चष्मा' म्हणून सांगितलंत तर ते पुस्तकाचं अंतर धरतात, चाळीस सेंमीच्या आसपास. मॉनिटर साठ-सत्तरवर असतो. त्या अंतरासाठी दिलेल्या नंबराने माझी मान मोकळी झाली.


कोकणकडा

माफ करा, पण थोडं वेगळं मत मांडतो. आपले आजोबा-पणजोबा जमिनीवर मांडी घालून उतरत्या पेटीवर लिहीत. कुणाला कमरेची खुर्ची लागली नाही. रोज बारा सूर्यनमस्कार आणि तासभर चालणं असेल तर कशावरही बसा. माझ्या मते सगळा भर शरीर घडवण्यावर हवा, सामानावर नको.


अनघा_फिजिओ

कोकणकडा, तुमच्या बोलण्यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून केलेलं एक विश्लेषण आलं होतं. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा जो वाढीव धोका दिसतो, तो रोज ६०–७५ मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. तेव्हा चालणं हवंच.

पण तो मुद्दा आयुष्याचा झाला. खांदा दुखण्याचा वेगळा आहे. माझ्याकडे नियमित व्यायाम करणारी तरुण मुलंही दुखरे खांदे घेऊन येतात, कारण सकाळचा एक तास व्यायाम नंतरचे आठ तास खांदे उचलून धरल्याची भरपाई करत नाही. आणि पेढीवरच्या लिहिणाऱ्यांना त्रास नव्हता असंही म्हणता येत नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लेखनिकांच्या आजारांवर लिहिलं, त्यात सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरचा ताण अशी तीन कारणं नोंदवली आहेत.

जमिनीवर बसायला माझा विरोध नाही. गुडघे आणि खुबे चांगले असतील, पाठीला भिंत असेल, अधूनमधून मांडी बदलत असाल तर छान. फक्त लॅपटॉप जमिनीवर ठेवून त्यावर वाकू नका.

आता बसण्याबद्दल. 'ताठ बसा' हे आपण लहानपणापासून ऐकतो. स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. टेक्याशिवाय बसून पुढे झुकल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा जास्त भरला, आणि पाठ मागे टेकवल्यावर कमी झाला. म्हणून खुर्चीची पाठ काटकोनात न ठेवता थोडी मागे, शंभर ते एकशेदहा अंशांवर ठेवा आणि खरोखर टेका. कमरेचा बाक भरून निघेल असा आधार हवा. खुर्चीत नसेल तर टॉवेलची गुंडाळी पट्ट्याच्या रेषेच्या थोडी वर लावा.

मात्र एकच एक आदर्श बैठक शोधत बसू नका. कितीही उत्तम स्थितीत हललं नाही तर स्नायू तक्रार करणारच. दर अर्ध्या तासाला मिनिटभर उभं राहा, फोन उभ्याने घ्या, पाण्याची बाटली टेबलावर नको, दूर ठेवा.

हाताला मुंग्या येतात त्यांच्यासाठी थोडं सविस्तर, कारण यात फार गोंधळ होतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होत असेल, रात्री झोपेतून उठून हात झटकावासा वाटत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता. याला कार्पल टनल म्हणतात. ते नेहमी कीबोर्डमुळेच होतं असं नाही. थायरॉइड, मधुमेह, गर्भारपण यांतही होतं, म्हणून तपासणी करा. करंगळी आणि तिच्या बाजूची अर्धी अनामिका बधिर होत असेल तर नस कोपरापाशी दबते. तिथे बघायचं ते तुमचं कोपर टेबलाच्या किंवा खुर्चीच्या कडक हातावर टेकलेलं असतं का. मनगटाखाली ठेवायची मऊ पट्टी टायपिंग थांबल्यावर तळहात टेकवायला आहे. तिच्यावर मनगट दाबून टाइप केलं तर दाब वाढतो.

पायात कळ उतरत असेल, पाय किंवा हात लुळा वाटत असेल, लघवी-शौचावरचं नियंत्रण बिघडलं असेल, तर मांडणीचे प्रयोग बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.


कोकणकडा

धन्यवाद डॉक्टर. नस दबण्याची माहिती नवी होती. आईला रात्री हात झटकायची सवय आहे, तिला घेऊन जातो.


दर्यावर्दी

खुर्चीबद्दल कुणीच सविस्तर लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. मी मालवणचा, नोकरी मुंबईत.

दुकानात पाच मिनिटं बसून खुर्ची कळत नाही. पंधरा-वीस मिनिटं बसा, दुकानदार काही बोलत नाही. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागची लवण यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. उंची कमी असलेल्यांसाठी ही कसोटी फार महत्त्वाची. बैठक खोल असली की पाठ टेकतच नाही. बैठक पुढे-मागे सरकवता येणारी खुर्ची मिळाली तर तीच घ्या. हात खाली-वर होणारे हवेत, आणि टेबलाखाली जातील इतके खाली यायला हवेत. नाहीतर खुर्ची टेबलापासून दूर राहते.

उंच पाठीची, फुगीर, रेक्झिनची 'बॉस' खुर्ची रुबाबदार दिसते, पण आमच्या किनाऱ्याच्या दमट हवेत पाठीला घाम धरते आणि काही वर्षांत तिचे पापुद्रे सुटतात. जाळीची पाठ बरी. शर्यतीच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या गेमिंग खुर्च्यांच्या बैठकीला बाजूने उंचवटे असतात, मांडी हलवायला जागा मिळत नाही. दिवसभर हिशेब-लेखन करणाऱ्याला त्या कशाला?

चाकांकडेही बघा. टाइल्स किंवा लादी असेल तर मऊ, रबरासारखी पीयूची चाकं. कडक नायलॉनची चाकं गालिच्यासाठी असतात, लादीवर खुर्ची घसरत राहते आणि आपण नकळत पायाने तिला धरून ठेवतो.

पैसे मोजके असतील तर कंपन्यांची ऑफिसं बंद होतात किंवा हलतात तेव्हा निघणाऱ्या वापरलेल्या खुर्च्या बघा. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात मिळतात. वर घेऊन बसा आणि दहा मिनिटांत खुर्ची हळूहळू खाली येते का ते बघा. येत असेल तर गॅसचा दांडा गेलेला. तो बदलता येतो, पण किंमत त्या हिशेबाने पाडून घ्या.


थेम्सकाठ

मी लंडनमध्ये नोकरी करते. इथे हा विषय मालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. युरोपीय समुदायाने १९९० मध्ये पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी निर्देश काढला, त्यावरून ब्रिटनमध्ये १९९२ चे नियम आले आणि ते आजही आहेत. रोज सलग तासभर किंवा जास्त पडद्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या जागेची तपासणी करणं मालकाला बंधनकारक आहे, घरून काम करणाऱ्यांचीसुद्धा. कामात बदल किंवा विश्रांतीची सोय द्यावी लागते आणि मागितली तर डोळ्यांच्या तपासणीचा खर्चही कंपनीने करायचा.

मी रुजू झाले तेव्हा एक प्रश्नावली भरून घेतली. पाय टेकतात का, पडद्यावर चमक येते का, माउस जवळ आहे का. 'पाय टेकत नाहीत' असं लिहिलं आणि पायाखालचं आसन आलं. भारतातल्या ऑफिसात असा कायद्याचा आधार हाताशी नसला तरी मनुष्यबळ विभागाला लेखी कळवता येतं. तोंडी तक्रार विरून जाते. 'माझं कोपर ६१ सेंमीवर आहे, टेबल ७५ वर आहे, मला पायाखाली १४ सेंमीचा आधार हवा' अशा मेलला उत्तर द्यावंच लागतं.


जुनाकारकून

रंधा, फळी करून घेतली. मॉनिटर समोर आणला. मान अजून आखडते, पण दुपारनंतर, आणि आधीइतकी नाही. बाजूच्या टेबलावरच्या मॅडमनीही तशीच मागितली आहे.

आता प्रकाशाबद्दल विचारायचं होतं. खिडकी माझ्या पाठीमागे आहे आणि पडद्यात तीच दिसते. वर पंख्याचा वारा थेट तोंडावर. संध्याकाळी डोळे चुरचुरतात.


अनघा_फिजिओ

खिडकी पाठीमागे असली की पडद्यात प्रतिबिंब पडतं, समोर असली की डोळे दिपतात. ती बाजूला यायला हवी. टेबल काटकोनात फिरवता आलं तर उत्तम, नाहीतर खिडकीला कापडी पडदा लावा. पडद्याकडे एकटक बघताना पापण्या मिटण्याचं प्रमाण बरंच घटतं, त्यात वारा लागला की डोळे कोरडे पडतात. पंख्याखालून थोडं सरका. एसी असेल तर झोत चेहऱ्यावरून वळवा. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडचं काहीतरी वीस सेकंद बघा आणि तेव्हा पापण्या मुद्दाम सावकाश मिटा.


सांजवात

कीबोर्ड-माउस घेतले. घडीचं टेबल अजून नाही. तोवर स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याने काम केलं तर चालेल का? उभं राहून काम करणं चांगलं असतं असं वाचलं.


रंधा

ओटा साधारण ८० ते ८६ सेंमीचा असतो. तुमची उंची १६० असेल तर उभ्याने कोपर शंभरच्या आसपास येतं. म्हणजे ओट्यावर टाइप करायला कंबरेतून वाकावं लागेल. ओट्यावर एखादं पंधरा सेंमीचं बैठं टेबल ठेवून त्यावर कीबोर्ड घेतलात आणि लॅपटॉप त्याहून वर उचललात तर जमेल. पण अर्धा तास, पाऊण तास. दिवसभर उभं राहिलं की टाचा आणि पोटऱ्या बोलतात. दुकानात उभ्याने काम करणाऱ्यांना विचारा. केरळने २०१८ मध्ये दुकानांच्या कायद्यात बदल करून त्यांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं, ते उगाच नाही.


पाऊलवाट

सगळा धागा वाचला, खूप उपयोगी. आमची अडचण वेगळी. रत्नागिरीत नवं घर होतंय, एकच अभ्यासाचं टेबल करायचं आहे. मी १५४ सेंमी, नवरा १७८. आळीपाळीने वापरणार. उंची कुणाच्या मापाची धरू? वर-खाली होणारं विजेवरचं टेबल बजेटात नाही.


मधुरा_नौपाडा

पाऊलवाट, स्थिर टेबल दोघांत असेल तर उंच माणसाचं माप धरायचं. बुटक्या माणसाला खुर्ची वर घेऊन पायाखाली आधार देता येतो, उंच माणसाला खाली बसवता येत नाही. पण उंच माणसाचं माप म्हणजे ७५ नव्हे. त्यांचं खरोखर मोजा. १७८ सेंमीच्या माणसाची लवण ४५ च्या आसपास आणि कोपर बैठकीपासून २४, म्हणजे ६९ होतात. अडीच फुटांचं टेबल त्यांनाही टायपिंगला उंचच पडतं.


रंधा

बरोबर. मी तर सुताराला असं सांगेन. वरची बाजू ६८ सेंमी, १९ मिमी मरीन प्लाय, कोकणातल्या ओलीला दुसरं नको. लांबी १२०, खोली ७५. मध्ये ड्रॉवर नाही, पुढे फळी नाही. सांगाड्याचा आडवा दांडा मागच्या बाजूला, गुडघ्याला लागणार नाही असा. पुढची कड गोल. उजव्या-डाव्या कोपऱ्यात वायर खाली सोडायला भोकं, आणि प्लगचं बोर्ड टेबलाच्या वर भिंतीवर, म्हणजे दर वेळी खाली वाकायला नको. मॉनिटर घेणार असाल तर मॉनिटर धरून ठेवणारा भिंतीवरचा हात (आर्म) लावा, बहुतेक मॉनिटरांच्या मागे १०० बाय १०० मिमीवर चार भोकं असतात, त्यात तो बसतो. माणूस बदलला की पडदा हाताने खाली-वर करता येतो.

तुमच्यासाठी उरलेल्या प्लायचंच पायाखालचं उतरतं आसन करून घ्या. मागची बाजू १२ सेंमी, पुढची ८, रुंदी दोन्ही पाय मोकळे राहतील एवढी, ४५ तरी. वरून खरखरीत चटई चिकटवा. आणि नवऱ्याला ते टेबलाखाली आडवं सरकवून ठेवायला जागा सोडा, म्हणजे मागच्या दांड्याची उंची जमिनीपासून १५ हून जास्त.


पाऊलवाट

मापं लिहून घेतली. शनिवारी सुतार येतो आहे, त्याआधी दोघांची टेपने घेऊन इथे टाकते.